मालकाचा आवाज

४ फेब्रुवारी

मामी,

नमस्कार. पत्र लिहायची मला सवय नाही, आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावर नाचून गेल्यासारखं. सांभाळून घे. फोन केला असता, पण तुमचा फोन धुलाई कारखान्याच्या गेटवरच्या खोलीत, आणि तिथं सगळे कान टवकारून बसलेले. मला जे बोलायचंय ते गेटवर बोलण्यासारखं नाही.

बातमी आली तेव्हा मी दोरीवर होतो. इकडं आम्ही उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो. दोरीला बांधून घ्यायचं, कमरेला बादली, आणि लोंबकळत खाली खाली यायचं. मुकादम गच्चीवरून ओरडला, "ए, तुझा मामा गेला रे!" आणि मामी, मी हसलो. मला वाटलं फोनवर मामाच आहे. मागच्या वर्षी नाही का, आमच्या ठेकेदाराचा आवाज काढून त्यानं मुकादमाला झापलं होतं आणि मला सुट्टी मिळवून दिली होती? म्हटलं, आता स्वतःच्याच मरणाची बातमी देतोय लेकाचा, कुणाचा तरी रडका आवाज काढून. मी ओरडून विचारलं, "कुणाच्या आवाजात बोलतोय?" मुकादमानं फोन खिशात टाकला आणि माझी दोरी वर ओढायला घेतली. त्यावरून मला कळलं.

निघालो असतो तरी पोहोचेपर्यंत सगळं आटपलं असतं, म्हणून राहिलो. आता वाटतं, निघायला हवं होतं.

संध्याकाळी मी मामाच्या जोडीदारकाकांना उलटा फोन लावला. ते म्हणाले, ब्लीचच्या खोलीत उभं राहून राहून छाती गेली. मामी, मामा ब्लीचच्या खोलीत काय करत होता? तो तर रोलरवरचा माणूस. त्यानं चादरीचं एक टोक धरायचं, जोडीदारकाकांनी दुसरं, आणि तापलेल्या रोलरमध्ये सोडायची. मी तुमच्याकडं राहायचो तेव्हा डबा द्यायला जायचो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या मशीनचा आवाजसुद्धा तो काढायचा, आणि तू म्हणायचीस, मशीन बरं, निदान बंद तरी करता येतं.

त्याला तिथं कुणी पाठवलं? मला फक्त नाव हवंय. बाकीचं मी बघतो.

तुझा,
भिंगरी

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू जेवतोस का, आणि दोरी बांधताना गाठ स्वतः बघतोस की दुसऱ्यावर सोडतोस? स्वतः बघत जा.

तुझे मामा छातीनं गेले. कुणी पाठवलं, का पाठवलं, त्यात आता शिरू नकोस. राखेत फुंकर मारली की डोळ्यांतच जाते.

इथं माणसं भेटायला येतात, रडायचं म्हणून तोंड पाडून बसतात, आणि थोड्या वेळानं कुणीतरी आठवण काढतं. परवा शेजारीण आली. म्हणाली, एकदा तुझ्या मामांनी तिच्या नवऱ्याच्या आवाजात दाराबाहेरून हाक मारली, "अगं, दार उघड." तिनं दार न उघडताच आतून त्याची सगळी लाज काढली. उशीर, विसरभोळेपणा, सासू, काही सोडलं नाही. आणि नवरा मागच्या खोलीत झोपलेला, तो उठून म्हणाला, "मी ऐकतोय गं सगळं." असं सांगताना ती हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. मी चहा ठेवायला उठले.

दवाखान्यातसुद्धा ते गप्प नव्हते. डॉक्टरांची नक्कल डॉक्टरांसमोरच केली. डॉक्टर म्हणाले, मी असा बोलतो? नर्स म्हणाली, अगदी असेच बोलता.

मालक येऊन गेले. खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावर, आणि मला म्हणाले, "हे बघ बाळा, मनावर घेऊ नकोस." माझं वय त्यांच्या थोरल्या बहिणीएवढं, पण ते सगळ्यांनाच बाळा म्हणतात. कॅन्टीनमध्ये मोठी शोकसभा घ्यायची, तुझ्या मामांचा फोटो भिंतीवर लावायचा असं ठरलंय. मी स्टेजवर बसायचं आणि दोन शब्द बोलायचे. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं: मालकांनी भावासारखं सांभाळलं, असं म्हण. खोली कारखान्याची आहे, पण तू राहा म्हणाले. बोलत होते तोवर मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले होते.

मी हो म्हटलं आहे.

तुझी,
मामी

२५ फेब्रुवारी

मामी,

हो म्हटलंस? तुझ्या जिभेला काही वाटलं नाही?

तू मला सांगितलं नाहीस, पण जोडीदारकाकांनी सांगितलं. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. आता तू ऐक, म्हणजे तुला कळेल की मला कळलंय. मामा कॅन्टीनमध्ये मालकाची नक्कल करत होता. चष्मा कपाळावर, एक हात खिशात, "हे बघ बाळा." सगळे पोट धरून हसत होते. मग हसणं समोरून बंद होत होत मागं गेलं. मामाला वाटलं नक्कल पडली, म्हणून त्यानं आवाज आणखी चढवला. मालक त्याच्या मागं दारात उभा होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या! आणि दुसऱ्या दिवशी मामा ब्लीचच्या खोलीत. जिथं दिवसभर तोंडाला फडकं बांधून उभं राहावं लागतं. जिथं तोंड उघडलं की घसा सोलतो.

हे अपघातानं झालं का? सांग ना. साऱ्या कारखान्यात ज्याचं तोंड चालतं अशा एकाच माणसाला तोंड बांधायच्या खोलीत पाठवलं, हे सहज झालं?

आणि आता तोच माणूस मामाचा फोटो लावणार. तो बोलणार, लोक ऐकणार, आणि मामाची बायको शेजारी बसून मान डोलावणार.

मी येतोय. सभेला येतोय. ठेकेदाराकडं सुट्टी मागितली आहे. काय करणार ते आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाहीस. ब्लीचच्या खोलीतली बादली उचलायची आणि मालक माइकसमोर उभा राहिला की त्याच्या डोक्यावर ओतायची. मग विचारायचं, बाळा, कसं वाटतंय?

आधी वाटलं होतं त्याची नक्कलच करावी, मामासारखी, भर सभेत. दोरीवर लटकून सराव केला. माझा दोरीवरचा जोडीदार म्हणाला, "हा कोण आहे? घसा बसलेला कावळा?" मला जमत नाही. मामाला आवाज यायचे, मला फक्त राग येतो. म्हणून बादली.

तुझा,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

येऊ नकोस.

बादली ओतलीस तर काय होईल ते मी सांगते. लोक मालकाला पुसायला धावतील. कुणी टॉवेल आणेल, कुणी खुर्ची देईल. ज्यांच्या मनात त्याच्याबद्दल राग आहे तेसुद्धा म्हणतील, अरेरे, डोळे जातील बिचाऱ्याचे. सभा तुझ्या मामांची, आणि कीव त्याची. पोलीस तुला घेऊन जातील ते वेगळंच.

तुझे मामा म्हणायचे, माणसाला मारलं की तो मोठा होतो, दाखवला की लहान होतो.

जोडीदारभावजींना मी रागावले. त्यांना सांगितलं होतं की मुलाला काही कळवू नका. ते म्हणाले, वहिनी, तो फोनवर रडत होता. तू रडलास हे तू मला लिहिलं नाहीस. मीही तुला सगळं लिहिलेलं नाही. आपली फिट्टंफाट झाली.

मी रोज दोन शब्दांची तयारी करते. उभ्यानं बोलायची मला सवय नाही. भांडी घासताना म्हणून बघते.

एक विचारायचं आहे. तू लहान असताना गेटवर मालकाला रोज बघायचास. ते "बाळा" म्हणायच्या आधी चष्मा वर सरकवतात की म्हणून झाल्यावर? आमच्याकडं आले तेव्हा मला नीट दिसलं नाही. आठवत असेल तर लगेच कळव.

तुझी,
मामी

१४ मार्च

मामी,

तुझं पत्र वाचलं आणि मुठी आवळून बसलो. त्याचा चष्मा? तुला त्याच्या चष्म्याची काळजी? हार घालताना चष्म्यात अडकू नये म्हणून विचारतेस का? आधी सरकवतो. आधी चष्मा, मग बाळा. मिळालं उत्तर? आता तूच पूस त्याचा चष्मा, पदर आहेच.

मी येत नाही. तू म्हणालीस म्हणून नाही. मला सुट्टी मिळाली नाही, ती अशी: सोमवारी मी काच पुसत होतो. आत एका ऑफिसात एक कोट घातलेला माणूस एका म्हाताऱ्या कारकुनावर ओरडत होता. मला ऐकू काही येत नाही, काचेतून फक्त तोंडं हलताना दिसतात. तो म्हातारा मान खाली घालून उभा आणि कोटवाला टेबलावर हात आपटतोय. मला एकदम मामा दिसला. मी बाहेरून काचेवर मूठ मारली. पुन्हा मारली. दोघांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याला वाटलं मी पडतोय, तो बिचारा मलाच वाचवायला खिडकीकडं धावला. ठेकेदारानं मला दोरीवरून उतरवलं. आता मी खाली बादल्या भरतो, आणि सुट्टीचं नाव काढलं की तो म्हणतो, कायमची देऊ का?

म्हणून तू एकटीच बस त्या स्टेजवर.

पण एक ऐक. मामाचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नकलेत पदरचं काही घालायचं नाही. माणूस बोलला तेवढंच बोलायचं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. म्हणून तर लोकांचा त्याच्या नकलांवर विश्वास होता. रोलरवर कुणी म्हणालं की मुकादम असं बोलला, तर कुणी ऐकायचं नाही. मामानं करून दाखवलं की सगळे म्हणायचे, मग बोलला असेल. तो मेला तरी खोटं बोलला नाही. आणि तू त्याच्याच सभेत मालकाचे शब्द बोलणार. एका खोलीसाठी.

खोली चांगली आहे, उजेड येतो. तो उजेड आता तुलाच लखलाभ.

भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शेवटच्या पत्रात तू "तुझा" लिहिलं नाहीस. मी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं, मागच्या बाजूला तरी लिहिलं असेल म्हणून. असो. चष्म्याचं कळवलंस, त्याचा उपयोग झाला.

सभा झाली. कॅन्टीनमधली बाकं भिंतीला लावली होती, सगळे उभे होते. दुपारची पाळीही थांबवली होती. रोलर बंद असले की तिथं किती शांत असतं ते मला पहिल्यांदाच कळलं. फोटो त्यांनी ओळखपत्रावरचा मोठा केला होता. त्यात तुझे मामा कुणाला तरी घाबरल्यासारखे दिसतात. त्या फोटोवाल्याला कसं जमलं कोण जाणे, मला आख्ख्या संसारात त्यांचा असा चेहरा दिसला नाही.

मालक बोलले. म्हणाले, "तो माझा कामगार नव्हता, मित्र होता. मी त्याला म्हटलं होतं, बाळा, तुझी छाती बरी नाही, घरी बस, आराम कर. पण ऐकेल तर शपथ! ब्लीचच्या खोलीत राहीन हा त्याचाच हट्ट." लोक जमिनीकडं बघत होते. जोडीदारभावजी माझ्याकडं बघत होते.

मग मला बोलावलं.

आता तुला जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. ब्लीचच्या खोलीत गेल्यावर खोकला सुरू झाला. वाढला तसे तुझे मामा मालकांच्या केबिनमध्ये गेले, मला परत रोलरवर घ्या म्हणायला. त्या दिवशी घरी आले ते सरळ दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "ऐक, नवीन आहे." मी उशांना खोळी घालत होते. ते आधी स्वतः झाले, मग मालक झाले, मग पुन्हा स्वतः. सगळी केबिन करून दाखवली. झाल्यावर विचारलं, "जमलं का?" प्रत्येक नक्कल ते आधी माझ्यासमोर करायचे आणि हे विचारायचे. मी म्हटलं, जमलं. तर म्हणाले, "मग हसत का नाहीस?"

ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, कोण मानणार, केबिनमध्ये दोघंच होते. मालक म्हणणार, असं काही बोललोच नाही.

माइकसमोर उभी राहिले.  मला चष्मा नाही, तरी दोन बोटांनी कपाळावर सरकवला. एक हात खिशात घालतात तसा कमरेला लावला. आणि म्हटलं,

"हे बघ बाळा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. नवीन पोरगं असेल. बाकी सगळ्या माना एकदम वर आल्या. मी कधी चारचौघांत मोठ्यानं बोललेली नाही, भिंगरी, पण इतकी वर्षं दारामागून, चुलीपासून, अंथरुणावरून मी सगळ्यांचे आवाज ऐकले आहेत. नक्कल कुठं चुकली ते तुझ्या मामांना मीच सांगायची. मालकांचा आवाज शेवटी जरा गोड होतो हे त्यांना मीच दाखवून दिलं होतं.

मी म्हटलं, "हे बघ बाळा, मनावर घेऊ नकोस. तुझं तोंड फार चालतं. जिथं तोंडाला फडकं बांधावं लागतं, ती जागा तुला बरी."

मग मी खोकले. तुझे मामा खोकायचे तसं. तिथं माझं मला आवरेना, ते खरंच आलं की मी केलं, मला सांगता येणार नाही. मग पुन्हा चष्मा वर सरकवला.

"अरे वा. खोकल्याचीसुद्धा काय सुरेख नक्कल करतोस रे बाळा. पुन्हा एकदा कर बघू."

आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी केबिनमध्ये वाजवल्या होत्या तशा, सावकाश.

कुणी हसलं नाही. तुझ्या मामांच्या नकलेला न हसलेलं माणूस त्या कारखान्यात नव्हतं, आणि माझ्या नकलेला एकही हसलं नाही. ते हसलेलं पोरगंसुद्धा तोंडावर हात धरून उभं होतं.

मालक उठले. माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "हे बघा, बाळांनो, वहिनींची मनःस्थिती ठीक नाही, तुम्ही मनावर घेऊ नका." तोच आवाज, भिंगरी. शेवटी तसाच गोड. बोलायच्या आधी चष्माही वर गेला. दोन्ही आवाज पाठोपाठ कानांवर पडल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. रोलरवरची माणसं आधी बाहेर पडली, मग धुलाईची, मग घड्या घालणाऱ्या बायका. चहाचं पिंप तसंच भरलेलं राहिलं. जोडीदारभावजींनी जाताना भिंतीवरचा फोटो काढून काखेत घेतला. म्हणाले, हा चेहरा त्याचा नाही, इथं नको.

दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितलं. मी आधीच आवरून ठेवली होती. सध्या जोडीदारभावजींकडं आहे.

शेजारीण म्हणाली, आता मन मोकळं झालं असेल. मी हो म्हटलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. नाही झालं. तो माणूस अजून रोज गाडीतून येतो, केबिनमध्ये बसतो. मी त्याला माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही. रोज भांडी घासताना त्याचा आवाज काढते, बिघडू नये म्हणून. पुढं कधी कुठं तो चार माणसांसमोर भल्या माणसासारखा बोलायला उभा राहिला, तर मी तिथं असेन.

तुझे मामा असते तर माझ्यावर चिडले असते. म्हणाले असते, हसवता येत नसेल तर नक्कल कशाला करावी. चिडू देत.

तुझी,
मामी

९ एप्रिल

मामी,

पत्र दोरीवरच्या जोडीदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या मामीला आपल्या ठेकेदाराचा आवाज शिकवता येईल का? मी म्हटलं, तिला तू ऐकवायचं, ती शिकेल.

तू इकडं निघून ये. जोडीदारकाकांकडं किती दिवस राहशील, त्यांचं घर म्हणजे काड्यापेटी. मी खोली बघितली आहे, लहान आहे, पण कुणा मालकाच्या मेहेरबानीची नाही. खाली एक म्हातारी शिवणकाम करते, तिला मदतीला बाई हवी आहे. ठेकेदारानं मला परत दोरीवर चढवलंय, कारण त्याला दुसरा वेडा मिळाला नाही. तेव्हा दोघांचं भागेल. फक्त माझं घोरणं ऐकायचं नाही असा हट्ट असेल तर तेही सांग, मी जोरात घोरतो.

मात्र एक अट आहे, आणि ती मी गंमत म्हणून लिहीत नाही. त्या माणसाचा आवाज माझ्यासमोर काढायचा नाही. भांडी बाहेर नळावर घास आणि तिथं काढ. तू लिहिलंस त्यावरून तो हुबेहूब असणार. माझ्या पाठीमागून "हे बघ बाळा" असं आलं तर माझा हात आधी उठेल, आणि तू मामी आहेस हे मला नंतर कळेल.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते तू जाळून टाक. नको, ठेव. इकडं आलीस की तूच माझ्या तोंडावर मार ते.

आणि एक विचारायचं होतं. तुला सगळ्यांचे आवाज येतात म्हणालीस. मामाचा स्वतःचा येतो का? तो कधी कुणी काढलाच नाही. पत्रात उत्तर देऊ नकोस, गाडीतून उतरलीस की सांग. येत असला तर त्या आवाजात मला एक सणसणीत शिवी घाल. तो घालायचा तशी. ती ऐकल्याशिवाय मला पुढचं काही सुचायचं नाही.

मग आपण दोघं बसून त्या मालकाचं बघू.

तुझा, तुझाच,
भिंगरी